सौदामिनीचा मिशीवाला जॉकी

१० नोव्हेंबर

मामी,

या पाकिटात दोन कागद आहेत. निळा मामांचा. तो त्यांना नेहमीसारखा मोठ्यानं वाचून दाखव. हा पांढरा तुझा. हा एकटीनं वाच आणि मग पिठाच्या डब्याच्या तळाशी घाल, नाहीतर गिळून टाक, पण त्यांच्या कानावर जाऊ देऊ नकोस.

उभी असशील तर आधी बस. काल ठमीची पहिली शर्यत झाली. ठमी जिंकली. आणि तिच्यावर मी बसले होते.

सकाळच्या रपेटीला नव्हे गं, शर्यतीला. रेशमी सदरा, पाठीवर नंबर, समोर हजारो माणसं. ठमीनं एका आठवड्यात तीन जॉकी पाडले. त्यातला सगळ्यात मोठा जॉकी पाण्याच्या हौदात पडला आणि तिथूनच म्हणाला की या घोडीवर मी पुन्हा बसणार नाही. ट्रेनरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. मग कबूल केलं की दोन महिन्यांपूर्वी मी गुपचूप जॉकीचं लायसन्स काढून ठेवलंय.

वचन माझ्या लक्षात आहे. मी नऊ वर्षांची होते, मामा शर्यतीत घोड्यावरून पडून कमरेपासून प्लॅस्टरमध्ये होते, आणि त्यांनी माझा हात घट्ट धरून सांगितलं होतं: खरारा कर, सकाळी घोडा फिरव, पण शर्यतीत बसायचं नाही. मी हो म्हटलं. तेव्हा त्यांनी श्वास घेऊ नकोस म्हटलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

आईबाप गेल्यावर त्यांनी मला वाढवलं. त्यांनी तोंडावर विचारलं तर मला खोटं बोलता येणार नाही, आणि 'उतर' म्हणाले तर मी उतरेन, हे तुलाही माहीत आहे. म्हणून त्यांनी विचारताच कामा नये. रेडिओवर फक्त घोड्यांची नावं सांगतात. पेपर त्यांना तूच वाचून दाखवतेस. त्यांचा मोतीबिंदू पिकायला अजून सहा महिने लागतील असं डॉक्टर म्हणाले ना? तेवढे सहा महिने मला दे. एप्रिलच्या शेवटी मोठी शर्यत आहे, चोवीसशे मीटर. ती झाली की मी स्वतः येऊन सांगेन आणि मार खाईन.

फोन करू नकोस. फोन तुमच्या शेजारणीकडे आहे आणि ती बाई म्हणजे चालतंबोलतं वर्तमानपत्र.

टिल्ली

(निळा कागद)

मामा,

लांबूनच पाया पडते, कारण बुटांना लीद लागलीय. तुमची ठमी जिंकली. इथे तिला सौदामिनी म्हणतात आणि ती त्या नावाला ढिम्म दाद देत नाही. 'ठमे' म्हटलं की मात्र कान टवकारते. शर्यतीनंतर तपासणीसाठी लघवी घ्यायची असते. डॉक्टर बाटली घेऊन पाऊण तास उभे होते आणि बाईसाहेब भिंतीकडे बघत होत्या. मग मी तुमच्यासारखी दातांतून बारीक शीळ घातली. लगेच बाटली भरून मिळाली. डॉक्टरांनी विचारलं ही युक्ती कुणाची. मी म्हटलं, जन्मल्यापासून हिला ज्यांनी बाटलीनं दूध पाजलं त्यांची.

जॉकी नवीन आहे. बरा वाटतो.

तुमची टिल्ली

२० नोव्हेंबर

टिल्ले,

(अक्षर माझं, बोलणं ह्यांचं. कंसातलं माझं. कंस मी त्यांना वाचून दाखवत नाही. - मामी)

रेडिओवर ऐकलं. चार घोड्यांच्या लांबीनं जिंकली, ते ठमीचं कौतुक. जॉकीचं त्यात काय आहे? हजार मीटरची शर्यत, आणि या गाढवानं दोनशे मीटरवरच तिला मोकळी सोडली. (गाढव मी तीनदा लिहायला हवं होतं, एकदाच लिहिलंय.) घोडी चांगली म्हणून निभावलं. लांब पल्ल्याला असं केलं तर शेवटी तिला ओढत आणावी लागेल. असला जॉकी कुठून उचलून आणला ट्रेनरनं? वजनालाही जड असणार, मला त्याची बसणूक ऐकूनच कळली. त्याला सांग, जेवण निम्मं कर. तू मात्र नीट जेवत जा. गेल्या वेळी आलीस तेव्हा हाताला नुसती हाडं लागत होती. मामीनं खाऊचा मोठा डबा पाठवलाय, तो तूच संपवायचा. (वाटून टाक.)

जॉकी दिसतो कसा, हे लिही. पेपरात फोटो होता म्हणे. मामीला विचारलं तर म्हणाली सावळा आहे, मिशा आहेत. (मी घाबरले होते. घाबरले की मला मिशाच सुचतात.) मिशीवाला जॉकी मी आयुष्यात धड पाहिला नाही. सगळं लक्ष मिशीत.

मामा

(पांढरा कागद पोचला. बसूनच वाचला, तरी पुन्हा उठून बसावं लागलं. तुला ओरडायला शब्द शोधत होते, तेवढ्यात तुझा फोटो पाहिला आणि ओरडायचं राहून गेलं. तुझं नाव आलं की मला खोकला येतो. पेपर वाचताना इतक्यांदा आला की ह्यांनी औषध आणवलंय, आणि ते मला खरंच घ्यावं लागतंय. सहा महिने दिले. जपून बस गं.)

२३ डिसेंबर

मामा,

दुसरी शर्यतही खिशात. बाराशे मीटर, अडीच लांबी. तुमचा निरोप जॉकीला सांगितला. त्यानं मान खाली घालून ऐकून घेतला. मिशीबद्दलही सांगितलं. त्यानं त्याच दिवशी काढून टाकली. तो म्हणतो, लांब पल्ल्याला हिला कसं धरायचं ते मामांना विचार. ठमी तुमच्या हातची आहे, तुम्हालाच माहीत असणार.

त्याचं जेवण निम्मं झालंय.

टिल्ली

(पांढरा)

मामी, मिशा कशाला दिल्यास? इथे खाद्याच्या गोदामावरच्या माझ्या खोलीत मी आरशासमोर उभी राहून पाच मिनिटं हसत होते. वजनकाट्यावर बसायच्या आधी तुझ्या डब्यातला एक तुकडा खाल्ला, एकच, आणि काट्यावरचे साहेब म्हणाले बाई तुम्ही आज आनंदात दिसता. आहेच मी आनंदात. शेवटच्या दोनशे मीटरला ठमी जेव्हा मान लांब करते ना, तेव्हा मला ओरडावंसं वाटतं. एकदा ओरडलेही. ठमीला वाटलं मी तिलाच ओरडले आणि ती आणखी जोरात पळाली.

४ जानेवारी

टिल्ले,

लिहून घे आणि त्या जॉकीला अक्षर अक्षर वाचून दाखव. (बोटं मोडतील माझी. काल जेवणानंतर सुरू झाले ते दिवे लागले तरी थांबेनात.)

एक तर ठमीला चाबूक दाखवायचा नाही. मारणं लांबच, दाखवायचाही नाही. ती रुसते. सहा दिवसांची असताना मी तिच्या नाकावर टिचकी मारली होती, तर दोन दिवस माझ्या हातची बाटली घेतली नाही तिनं. तिला डाव्या अंगाला एखादा घोडा लागतो, बघायला. एकटी पडली की इकडेतिकडे बघत बसते. म्हणून वळणापर्यंत दुसऱ्या-तिसऱ्या जागेवर ठेवायची, डावीकडे सोबत राहील अशी. हात शांत. लगाम ओढायचा नाही, नुसता धरायचा, लहान मुलाचं बोट धरतात तसा. वळण संपलं की हात दोन बोटं पुढे सरकवायचे. बस. बाकीचं तिला कळतं.

आणि त्याला सांग, घाई भीतीपोटी होते. मी पडलो तेव्हाही मला घाई झाली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. (मलाही नाही. मी पेन थांबवून बघत राहिले, तर म्हणतात, लिही लिही, थांबू नकोस.)

मिशी काढली ते बरं केलं.

मामा

२ फेब्रुवारी

मामा,

रेडिओवर ऐकून तुम्ही जॉकीला शिव्या दिल्या असणार, म्हणून घाईनं लिहितेय. त्याची चूक नव्हती. चूक असेल तर तुमची.

गेटमध्ये घोडे आत घालायला एक नवा माणूस आलाय. भला माणूस, पण आपल्याच नादात दातांतून शीळ घालतो. ठमी गेटमध्ये शिरली, शीळ ऐकली, चारी पाय फाकवून उभी राहिली आणि निवांत कार्यक्रम सुरू केला. तेवढ्यात गेट उघडलं. सगळे घोडे गेले. ठमी पूर्ण झाल्याशिवाय हलली नाही. तिला वळण तुम्हीच लावलंय, अर्धवट काही करायचं नाही. वरून मला तर काहीच सुचेना. सगळा कळप सात-आठ लांबी पुढे, धुळीत नुसत्या शेपट्या दिसत होत्या. मग तुमचं वाक्य आठवलं, घाई भीतीपोटी होते. हात शांत ठेवले. एकेक घोडा डावीकडे घेत घेत ती अशी काही निघाली की शेवटच्या पावलाला नाक पुढे. सोळाशे मीटर, मामा, आणि अर्ध्या नाकानं जिंकली. ठमीच्या मालकीणबाईंनी आनंदाच्या भरात पाण्याच्या बादलीत पाय घातला.

टिल्ली

१० फेब्रुवारी

बाई गं,

हे पत्र फक्त माझं आहे. निळ्या कागदावर 'वरून मला काहीच सुचेना' आणि 'हात शांत ठेवले' असं लिहिलंस. मी वाचायच्या ओघात 'वरून' म्हणून गेले आणि मग जीभ चावली. ह्यांनी लगेच विचारलं, वरून म्हणजे कुठून? मी म्हटलं गच्चीवरून, प्रेक्षकांच्या. मग हात शांत ठेवले म्हणजे? म्हटलं, टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांची भुवई वर गेली आणि जेवेपर्यंत खाली आली नाही.

पण ऐक. ती शर्यत रेडिओवर लागली तेव्हा तू बघायला हवं होतंस. सौदामिनी मागे राहिली म्हटल्यावर ह्यांनी काठी आपटली, जॉकीच्या सात पिढ्या काढल्या. त्या सात पिढ्यांत मीही येते, हे त्यांना कुठे माहीत. आणि शेवटी ती एकेकाला मागे टाकायला लागली तसे हे हळूहळू उठले. काठीशिवाय उभे राहिले टिल्ले, दहा वर्षांत पहिल्यांदा. जिंकल्याचं कळल्यावर खाली बसले आणि म्हणाले, "पोरगा घाबरला नाही. एवढं मागे पडून घाबरला नाही. माझा असता तर मिरवला असता."

मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. घासलेलीच पुन्हा घासली.

मामी

९ मार्च

मामी,

हरलो. मी हरले. अठराशे मीटर, मुंडीच्या अंतरानं. निळ्या कागदावर नेमस्त लिहिलंय, पण तुला खरं सांगते. शर्यतीच्या सकाळी तुझं ते 'मिरवला असता' वालं पत्र पुन्हा वाचलं. ते खिशात घेऊन बसले. वळणावर एक घोडा अंगावर घसरला, आणि मला मामा दिसले, प्लॅस्टरमधले. मी ठमीला बाहेरून नेली, लांबच्या रस्त्यानं. आत जागा होती, पण मी गेले नाही.

ठमी दोन दिवस माझ्याकडे पाठ करून उभी आहे.

मालकीणबाई भल्या आहेत, पण मोठ्या शर्यतीला तो हौदातला मोठा जॉकी परत बसायला तयार झालाय. ट्रेनरसाहेब म्हणाले, तुझ्या मनात शंका असेल तर आत्ताच सांग. जॉकीचं नाव २६ एप्रिलला द्यायचं आहे.

टिल्ली

१६ मार्च

टिल्ले,

त्या पोराला रागावू नकोस. (मी वाचून दाखवलं तेव्हा शिव्या येतील म्हणून कानात बोळे घालायच्या बेतात होते. एकही आली नाही.) रेडिओवाला म्हणाला सौदामिनी बाहेरून येतेय, तेव्हाच मी समजलो. पोरगा आत जायला भ्यायला. ठमी भीत नाही, तिला भ्यायला मी शिकवलंच नाही. त्याला विचार, कशाला भितोस? पडायला? पडायला सगळेच भितात, ते अंगवळणी पडतं. पण दुसरं काही असेल तर ते जमिनीवर मिटवून यायचं असतं. घोड्यावर दोघांनाच जागा असते, घोडा आणि जॉकी. तिसऱ्याला वर घेऊन बसलास की वजन वाढतं.

हे मी त्या वेळी कुणाकडून ऐकलं असतं तर आज बिनकाठीचा चाललो असतो.

मामा

(टिल्ले, डॉक्टर कालच म्हणाले, मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन दहा एप्रिलला. पट्टी बाराला निघेल. मोठी शर्यत तीस तारखेला. मी डॉक्टरांना म्हटलं, महिनाभर पुढे ढकला की. ते म्हणाले, बाई, तुमच्या नवऱ्याला दिसू नये असं तुम्हाला का वाटतं? काय सांगणार होते मी त्यांना.)

३ एप्रिल

मामी,

जमिनीवर मिटवून यायचं असतं. मी तो कागद आठ वेळा वाचला. पण मिटवायचं म्हणजे विचारायचं, आणि विचारलं तर ते नाही म्हणतील. मग मी बसणार नाही. ठमी त्या हौदवाल्याला पाडेल नाहीतर त्याच्या चाबकावर रुसेल, आणि जन्मात एकदाच मिळणारी शर्यत जाईल. तिच्या वयाच्या घोड्यांना ती एकदाच मिळते, पुढच्या वर्षी नाही. मला दोन-चार दिवस दे. मी शब्द जुळवतेय.

तोवर पेपर लपव. पांढरे कागद लपव. पिठाचा डबा बदल.

टिल्ली

१४ एप्रिल

टिल्ले,

बट्ट्याबोळ झाला.

मी सगळं लपवलं होतं. पांढरे कागद पिठातून काढून माझ्या साड्यांच्या घडीत घातले. जुन्या पेपरांचा गठ्ठा रद्दीत दिला. पट्टी निघाली, घरी आलो, हे दारापासून सगळं बघत आले. माझ्याकडे बघून म्हणाले, तू म्हातारी झालीस. मी म्हटलं, आरसा न्हाणीघरात आहे. सकाळी स्वतःच्या हातानं चहा करतो म्हणाले. मला इतका आनंद झाला की मी करू दिला.

फडताळातून चहाचा डबा उचलला आणि तसेच उभे राहिले. मग मला म्हणाले, "मिशा कुठायत?"

अगं, फळ्यांवर पेपर पसरायचा असतो ना डब्यांखाली. दर महिन्याला एका फळीवरचा मीच बदलते. तुझा फोटो रद्दीत कसा द्यायचा म्हणून प्रत्येक शर्यतीचं पान तेवढं काढून फळीवर घालत गेले. स्वच्छच्या स्वच्छ आणि फोटो घरातच. त्यात लपवण्यासारखं काही आहे हे डोक्यातच आलं नाही, ते तर फळीवरचे पेपर होते.

त्यांनी एकेक डबा खाली उतरवला. नोव्हेंबर डाळींखाली, डिसेंबर मिठाखाली, जानेवारीअखेरची शर्यत मसाल्यांखाली, चहाखाली मार्चची होतीच. ओट्यावर उभं राहायला जागा राहिली नाही. तुझ्या डोक्यावर तेलाच्या बरणीचा गोल डाग पडलाय, तो बोटानं पुसत होते. मग हात पुढे केला आणि म्हणाले, "बाकीचे आण." मी साड्यांतून पांढरे कागद काढून दिले. सगळे दिले टिल्ले. मला जमलं नाही नाही म्हणायला.

आज दुसरा दिवस. बोलत नाहीत. जेवतात, पण बोलत नाहीत. ओरडले असते तर बरं होतं. तूच लिही त्यांना, सरळ लिही, मी वाचणार नाही.

मामी

१७ एप्रिल

मामा,

ह्या वेळी कागद एकच आहे.

मी वचन मोडलं. चार वेळा मोडलं. खोटं बोलले, मामीलाही बोलायला लावलं, तिचा खोकलाही खोटा होता. जॉकीचं जेवण निम्मं केलं तेव्हा माझं निम्मं झालं. तुम्ही त्याला जे जे सांगितलंत ते सगळं मी केलं. ठमी जिंकली ती तुमच्या पत्रांवर.

तीस तारखेला मला बसायचंय. मला ते फार हवंय. पण तुम्ही 'उतर' म्हणालात तर मी सव्वीसच्या आत ट्रेनरसाहेबांना दुसऱ्याचं नाव द्यायला सांगेन, आणि ठमीला गेटपर्यंत मीच नेऊन सोडेन. रुसणार नाही. थोडी रुसेन.

टिल्ली

२१ एप्रिल

टिल्ले,

हे पत्र मी माझ्या हातानं लिहितोय. ओळी वर-खाली गेल्यात, बारा महिन्यांनी पेन धरलंय. मामी स्वयंपाकघरात बसून मला ऐकू जाईल असे उसासे टाकतेय.

मला राग आलाय. तुझा, मामीचा, ट्रेनरचा, आणि ठमीचाही, कारण तिला सगळं माहीत होतं. हा राग अजून महिनाभर तरी राहील. मध्येच शर्यत आली त्याला माझा इलाज नाही.

दोन दिवस मी बोललो नाही, कारण पहिल्यापासून सगळं वाचत होतो. डॉक्टरांनी एका वेळी दहाच मिनिटं वाचायला सांगितलंय, म्हणून वेळ लागला. वाचता वाचता कळलं की ज्या पोराला मी इतके महिने शिकवत होतो, ज्याच्यासाठी काठी टाकून उभा राहिलो, ती तू आहेस. आणि मी त्याला कधी 'उतर' म्हटलं नाही. हरला तेव्हासुद्धा नाही. तुला मात्र बसायच्या आधीच उतरवलं होतं. कंबर माझी मोडली आणि घोड्यावरून काढलं तुला. नऊ वर्षांच्या मुलीकडून घेतलेलं ते वचन माझ्या भीतीचं होतं, तुझं नव्हतं. ते मी परत घेतो. आता वर दोघींनाच जागा आहे. मी खाली उतरलो.

परवानगी देत नाही. परवानगी लागत नाही म्हणून.

आता कामाचं. मिठाखालच्या फोटोत तुझं डावं कोपर बाहेर आहे. ते आत घे. चोवीसशे मीटरला पहिले हजार नुसती बसून राहा, झोप आली तरी चालेल. आत जागा मिळाली तर आत जा. त्या शीळवाल्या माणसाला त्या दिवशी तोंडात सुपारी धरायला सांग. ट्रेनरला मी वेगळं पत्र टाकलंय की नाव बदललंस तर मी काठी घेऊन येईन.

यायची फार इच्छा आहे, पण डॉक्टरांनी महिनाभर धूळ, धूर, खाली वाकणं आणि जड उचलणं बंद केलंय. मैदानावर तर सगळी धूळच. मी रेडिओजवळ आहे.

जेव. थोडं.

मामा

२ मे

टिल्ले,

तू जिंकलीस हे तुला माहीत आहे, म्हणून मी घरचं लिहिते.

ह्यांनी सकाळीच खुर्ची रेडिओसमोर ओढली. त्या खुर्चीच्या पाठीवर घोंगडी टाकली आणि घोड्यावर बसावं तसे उलटे बसले, खुर्चीची पाठ पुढे घेऊन. मी म्हटलं हे काय? म्हणाले, चोवीसशे मीटर आहे, अंग आखडेल. शेजारीण आली, तिला गप्प बसायला सांगितलं, आणि ती खरंच बसली, हेही तुला सांगायला हवं. एवढं डोळ्याचं ऑपरेशन करून आणलं आणि शर्यत सुरू झाल्यावर हे डोळे मिटून बसले.

पहिले हजार मीटर एकच ऐकू येत होतं. सौदामिनी पाचवी, सौदामिनी पाचवी. हे नुसते पुटपुटत होते, "बस, बसून राहा." वळणावर रेडिओवाला म्हणाला की पुढचे दोन घोडे फाकलेत आणि सौदामिनी मधून, आतून शिरतेय. तेव्हा ह्यांनी हात दोन बोटं पुढे सरकवले. मी बघत होते. त्यानंतर मला रेडिओ ऐकूच आला नाही, कारण आम्ही तिघंही ओरडत होतो आणि शेजारीण सगळ्यात जास्त. तीन लांबी म्हणाला ना? तीनच का? मला तर वाटलं मागे कुणी उरलंच नाही.

मग हे खुर्चीवरून उतरले, बाहीनं डोळे पुसले, चपला घातल्या आणि चालू लागले. काठी घरात. औषधवाल्याकडे गेले, दूधवाल्याकडे गेले, पोस्टात जाऊन खिडकीवरच्या बाईंना सांगितलं. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, आम्हाला माहितीये, आम्ही तिची पाकिटं सहा महिने देतोय. रस्त्यात ज्यांना शर्यतीतलं ओ की ठो कळत नाही त्यांनाही थांबवून सांगितलं, डावं कोपर आत होतं. ते रेडिओवरून ह्यांना कसं दिसलं, देव जाणे.

काल तपासणीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. डोळा लालभडक, सुजलेला. डॉक्टर रागावलेच. वाकलात का? नाही. जड उचललंत? नाही. मग म्हणाले, धूळ गेली असणार, मैदानावर गेला होतात ना?

हे म्हणाले, "नाही. भाची जिंकली."

मामी